बडोदा : नवापुऱ्यातलं दोन दारांचं दुकान (डावीकडे खाटीक, उजवीकडे किराणा)

सुरसागरकाठी | रविवार, दुपारी २:१०

मंडळी, जेवणं आत्ताच आटोपली. हाताचा वास अजून गेलेला नाही, तेवढ्यात लिहून काढते.

आम्ही चौदा वर्षं बडोद्याबाहेर होतो. मागच्या दिवाळीत परत आलो, पण घर मिळालं वाघोडिया रोडला, जुन्या गावापासून लांब. तिथे मटण फोनवर मागवायचं. पाकिटात येतं, धुतलेलं, सगळे तुकडे एका मापाचे. नाव ठेवायला जागा नाही. पण सासूबाई दर वेळी पातेल्यावरचं झाकण उचलायच्या, वास घ्यायच्या आणि काही न बोलता झाकण परत ठेवायच्या. त्यांचं ते न बोलणं मला फार लागायचं.

आज चुलतसासरे जेवायला येणार होते. वय शहाऐंशी, दात मोजकेच. त्यांचं एकच मागणं असतं, अळणी, म्हणजे मसाला घालण्याआधीचा मटणाचा पातळ रस्सा. "मला वाटीभर अळणी दे, बाकी तुमचं तुम्ही खा." सकाळी खंडेराव मार्केटला भाजी घेताना कोथिंबीरवाल्या मावशींना सहज विचारलं, चांगलं मटण कुठे मिळेल? त्यांनी उलट मलाच विचारलं, "घरात म्हातारं माणूस आहे का?" हो म्हटल्यावर नवापुऱ्यातली एक गल्ली सांगितली.

गल्ली एवढी अरुंद की एक स्कूटर उभी असली तर दुसरी निघत नाही. एकच लांब दगडी ओटा आणि त्यावर दोन दारं. डाव्या दारात मटण, उजव्या दारात किराणा. वर एकच पाटी, हिरव्या पत्र्यावर पांढरी बाळबोध अक्षरं, खाली बारीक गुजराती. मधे भिंत, आणि त्या भिंतीत कमरेच्या उंचीवर विटेएवढी खिडकी.

डावीकडे काका बसतात, सत्तरीचे असतील. समोर चिंचेचा ओंडका, मधोमध झिजून ताटासारखा खोलगट झालेला. मी म्हटलं, "एक किलो द्या." त्यांनी सुरीला हातच लावला नाही. म्हणाले, "कोण कोण जेवणार आहे?"

सांगितलं. म्हातारे एक, सासूबाई, दोन मुलं, आम्ही दोघं.

"म्हाताऱ्या माणसाला रस्सा की सुकं?" अळणी. "पोरं नळी चोखतात?" हो. "शिजवणार कधी?" घरी गेल्या गेल्या. "कुकरला की पातेल्यात?" मी जरा अडखळले. ते म्हणाले, "मग पातेल्यातच करा आज. म्हातारं माणूस येतंय."

एवढं झाल्यावर सुरी उचलली. टांगलेल्या बोकडाचा पुढचा पाय त्यांनी डाव्या हाताने वर धरला, सुरीचं टोक आत कुठेतरी फिरवलं, आणि अख्खा खांदा सुटून त्यांच्या हातात आला. हाड मोडल्याचा आवाज नाही, काही नाही. मग मानेचे चार तुकडे, छातीचे मऊ हाडाचे, दोन नळ्या, मांडीचं अगदी थोडं. मी म्हटलं, मांडी जरा जास्त घाला ना. मान हलवली. "मांडी सुक्याला. अळणीला मान आणि खांदा. मांडीच्या पाण्याला गोडी येत नाही." सत्तूर घेतला तो फक्त नळीसाठी, आणि एका घावात नळी दुभंगली. नंतर प्रत्येक तुकड्यावरून अंगठा फिरवून बघितलं, हाडाची कपची राहिली आहे का. दोन सापडल्या, त्या बाजूला टाकल्या.

मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "किलोचा. निम्मा अळणी. पोरं आहेत."

पलीकडून मावशींचा आवाज, "तिखट कमी ना? खोबरं घालते वेगळं." दोनच मिनिटांत त्या विटेएवढ्या खिडकीतून दोन पुड्या इकडे आल्या, दोऱ्याने बांधलेल्या. एकीवर पेन्सिलीने लिहिलेलं "आधी हा", दुसरीवर "नंतर हा". पहिलीत हळद, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, तमालपत्र. दुसरीत धणे, खसखस, मिरे, बडीशेप, दगडफूल, सुकं खोबरं, सगळं कच्चं, भाजून वाटायचं.

दुपारी सासूबाईंनी झाकण उचललं. वास घेतला. आणि विचारलं, "कुणाकडचं?"

चुलतसासऱ्यांनी तिसरी वाटी मागितली तेव्हा मला भरून आलं, खरंच.

कुणाला माहीत आहे का हे दुकान? आणि अशी आणखी कुठे उरली आहेत का?


तांबडी_तर्री | रविवार, दुपारी ३:०५

वाचूनच भूक लागली. भाव काय लावला? नाव सांगा ना दुकानाचं.


सुरसागरकाठी | रविवार, दुपारी ३:३०

भाव बाजारात चालू आहे तोच, दाराशी पाटीवर खडूने लिहिलेला. मान घ्या की मांडी, भाव एकच. नाव इथे टाकू का, हे मी काकांना विचारून आले होते. ते नको म्हणाले. बुधवारी आणि शुक्रवारी एक बोकड, रविवारी तीन. "जेवढं कापतो तेवढं खाणारे आहेत. उगाच लोक लांबून येतील आणि रिकाम्या हाताने जातील." मार्केटवरून नवापुऱ्यात शिरा आणि कुणालाही "दोन दारांचं दुकान" विचारा.


दगडफूल | रविवार, संध्याकाळी ६:४५

सुरसागरताई, काकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न नेमका आहे. मी इथल्याच होम सायन्सची विद्यार्थिनी, आम्हाला हे पुस्तकातून शिकायला लागलं, म्हणून सांगते.

"शिजवणार कधी?" हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा. जनावर कापल्यावर काही तासांनी स्नायू आखडतात. त्याआधी, म्हणजे सकाळी कापलेलं लगेच चुलीवर चढवलं, तर मटण मऊ शिजतं. नाहीतर तो ताठरपणा ओसरू द्यायचा, फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात एक दिवस झाकून ठेवायचं आणि मग शिजवायचं. सगळ्यात वाईट म्हणजे मधलंच करणं. ताजं गरम मटण आणलं आणि सरळ बर्फाच्या कप्प्यात टाकलं, तर थंडीने स्नायूंचे धागे आकसतात आणि ते मटण मग किती शिट्ट्या दिल्या तरी चामट राहतं. बोकडाच्या अंगावर चरबीचा थर पातळ, त्यामुळे ते झटकन गार होतं आणि हा त्रास त्याला जास्त. आपल्यापैकी कितीजणी नेमकं हेच करतो आणि दोष खाटकाला देतो!

मान आणि खांदा का? जनावर चरताना मान सारखी खालीवर करतं, पुढच्या पायांवर भार पडतो. जे स्नायू जास्त राबतात त्यांच्यात चिवट पांढऱ्या पडद्यांचं, शिरांचं प्रमाण जास्त असतं. मंद आचेवर दीड-दोन तासांत ते विरघळतं आणि रश्शाला तो दाटपणा येतो, गार झाल्यावर जो थरथरतो. मांडी त्या मानाने कोरडी. काका ज्याला "पाण्याला गोडी" म्हणतात ती हीच.

आणि कुकरबद्दलही बरोबर बोलले. कुकरमध्ये शिजतं लवकर, पण मान गळून जाते आणि मांडी राठ राहते, दोन्हींना एकच वेळ मिळते ना.


पानगे_आणि_तूप | रविवार, रात्री ९:१५

मी हे वाचून थक्क झाले आहे. मी दांडिया बाजारची. आमच्या घरात मांसाहार नाही, कधीच नव्हता. आणि मी एकवीस वर्षं त्या उजव्या दारातून गोडा मसाल्याचं सामान आणते आहे!

मावशींच्या हाताला जे माप आहे ते मी दुसरीकडे बघितलं नाही. "पाव किलो धण्यांचा गोडा मसाला" एवढंच म्हणायचं. बाकी नागकेशर किती, शहाजिरं किती, तीळ-खोबरं किती, त्या बोलतही नाहीत. एकामागून एक खण उघडतात, चिमूट, मूठ, ओंजळ, आणि शेवटी सगळं तागडीत टाकून नुसती खात्री करून घेतात. त्यांच्याकडचं दगडफूल हातात घेऊन बघा. काळ्या बाजूला मऊ, पांढऱ्या बाजूला कुरकुरीत, माती नाही, सालीचे तुकडे नाहीत. त्या स्वतः निवडतात, दुपारी गिऱ्हाईक नसताना, सुपात घेऊन.

तूरडाळ त्यांच्याकडे वासदची. वर्षाची भरायची असेल तर दिवेल लावून देतात. (इथे नसलेल्यांसाठी, दिवेल म्हणजे एरंडेल. उन्हाळ्यात वर्षाची डाळ आणि गहू भरताना ते चोळून ठेवलं की कीड लागत नाही. शिजवायच्या आधी कोमट पाण्याने दोनदा धुवायची.) आणि मण म्हणजे अजून वीस किलो, इथल्या सगळ्या धान्यबाजारासारखा.

डावं दार आहे हे मला अर्थातच माहीत होतं. पण त्या भिंतीत खिडकी आहे हे मला आज कळलं. मावशींच्या पाठीमागे एक निळा पडदा असतो. एकवीस वर्षं मला वाटत होतं, त्यामागे देव आहेत.


नवा_बडोदेकर | सोमवार, सकाळी ११:००

मी नागपूरचा, नोकरीसाठी दोन वर्षांपूर्वी आलो. एकटा राहतो. एक प्रामाणिक प्रश्न. बोकडाचं मटण आहे की मेंढीचं, हे ओळखायचं कसं? मला दोनदा फसवलंय असा संशय आहे. विचारायला लाज वाटते.


जुना_नवापुरा | सोमवार, दुपारी ४:२०

लाज कसली, विचारलंच पाहिजे. माझं बालपण त्याच गल्लीत गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, शेपूट बघा. चांगला खाटीक टांगलेल्या बोकडाची शेपटी काढत नाही, ती गिऱ्हाइकासाठीच ठेवलेली असते. बोकडाची शेपटी आखूड, बारीक, वर वळलेली. मेंढीची खाली लोंबती. नर आहे हे दिसावं म्हणून तीही खूण शेवटपर्यंत ठेवतात. शेपूट आधीच कापलेलं असेल तर विचारा, का कापलं? दुसरी गोष्ट चरबी. मेंढीच्या पाठीवर, कमरेवर चरबीचा थर दिसतो. बोकडाची चरबी बहुतेक आत, गुरद्याभोवती, बाहेर मांस उघडं आणि गडद. तिसरी, आकार. वीस-बावीस किलोच्या जिवंत बोकडाचं सोलून, साफ करून नऊ-दहा किलो मटण पडतं. त्याची मांडी दोन हातांत मावते. फार थोराड मांडी दिसली तर एक तर जून बोकड, नाहीतर दुसरंच काही.

पण मेंढीचं म्हणजे वाईट असं मनात आणू नका. आमच्या शेजारी ज्यांच्या घरी बोल्हाई होती ते बोकड खायचेच नाहीत. पुण्याजवळच्या वाडे बोल्हाईची ती देवी, तिचं पाळणाऱ्यांना मेंढीचंच मटण चालतं, म्हणून त्याला बोल्हाईचं मटण म्हणतात. गायकवाडांबरोबर देशावरून जी घरं इकडे आली ती आपापले देव आणि आपापले रिवाज घेऊन आली. काकांचे वडील अशा घरांसाठी वेगळा मेंढा कापायचे, वेगळ्या दिवशी, आणि ओंडकाही वेगळा. दिवस कुठला ते आता आठवत नाही. पण तो दुसरा ओंडका भिंतीशी उलटा करून ठेवलेला असायचा आणि आम्ही मुलं त्यावर बसायचो.

ती पाटी. बाळबोध वर आणि गुजराती खाली, कारण ती रंगवली तेव्हा बडोदा संस्थान होतं. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात गेलं, १९६० च्या १ मेला गुजरात झाला, पाटी तीच राहिली. दर दिवाळीला त्याच अक्षरांवरून रंग फिरवतात.

आणि भिंत. आधी एकच दार होतं. काकांच्या आजीने किराणा सुरू केला तो मटणाच्या मसाल्यापुरता. मसाला चांगला, म्हणून वरच्या आळीतल्या बायका मागू लागल्या, पण मटणाच्या दारातून आत यायला त्यांना अवघड वाटे. त्या मुलांना पाठवत. आजीने नवऱ्याला सांगून भिंत घातली आणि दुसरं दार फोडलं. मग नवऱ्याला मसाला द्यायला सारखं बाहेरून फिरून जावं लागे, म्हणून गवंड्याला सांगून एक वीट काढली. पानगेताई, तुमच्यासाठीच घातलेली भिंत आहे ती, आणि तुम्ही आलात म्हणून किराणा टिकला. मटणावर एकट्यावर ते घर चाललं नसतं.

मटण तेव्हा खाखऱ्याच्या पानात बांधून मिळायचं. खाखरा म्हणजे पळस. दोन पानं आडवी, एक उभं, वर केळीचं सोपट. शेराने घ्यायचं, शेर म्हणजे ऐंशी तोळे, आजचे ९३३ ग्रॅम. वडील पिशवीत धरून आणत आणि पान घरी गाईपुढे न टाकता उकिरड्यात पुरायचं, अशी आईची ताकीद असे.


लष्करवाली | सोमवार, रात्री ८:३०

ग्वाल्हेरहून. आमच्या लष्कर भागात, दौलतगंजच्या बाजूला, माझ्या आजोबांच्या वेळी असंच खात्यावर मटण यायचं. आजोबा स्वतः कधी गेले नाहीत, नोकर जायचा आणि नुसता निरोप द्यायचा, "आज पाहुणे आहेत" किंवा "आज बाई बाळंतीण आहेत." बाळंतिणीसाठी खुरं भाजून, खरवडून, चार तुकडे करून यायची, काही सांगावं लागायचं नाही. आता तिथे एक मोबाईलचं दुकान आहे. तुमचा धागा आईला वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला.


कडुलिंब | मंगळवार, सकाळी १०:१०

सगळ्यांच्या आठवणींचा मान राखून लिहितो. उघड्यावर टांगलेलं मटण, लाकडाचा ओंडका, वर्तमानपत्राची पुडी, हे आज चालतं का? माझ्या मुलाला दोन वर्षांपूर्वी एका दुकानातल्या मटणाने चार दिवस सलाईनवर राहावं लागलं. जुनं आहे म्हणून चांगलं आहे असं नसतं. कृपया राग मानू नका.


सुरसागरकाठी | मंगळवार, दुपारी १२:४०

राग कसला. मुलगा आता बरा असेल अशी आशा करते. तुम्ही विचारलंत म्हणून आज मुद्दाम परत गेले, दुकान बंद असताना, म्हणजे सगळं नीट बघता येईल.

जाळीचं दार आहे, दुकान चालू असताना ते लोटलेलंच असतं, मुलगा उघडतो आणि लावतो. मटणावर ओलं मलमल. मांडीवर तपासणीचा जांभळा शिक्का मी रविवारी पाहिला होता, तो नसेल तर घेऊ नका असं काका स्वतःच म्हणतात. साडेदहाला दुकान आवरतं. उन्हाळ्यात साडेनऊला. उरलं तर विकत नाहीत, शेजारीपाजारी देतात.

ओंडका रोज दुपारी तारेच्या ब्रशाने घासतात, वर उकळतं पाणी, मग जाडं मीठ चोळून रात्रभर ठेवतात. सकाळी ते मीठ ओलं झालेलं असतं, लाकडातलं पाणी ओढून घेतं. चिंचेचंच लाकूड का, तर ते चिवट असतं, सत्तुराखाली त्याचा भुसा पडत नाही आणि मटणाला चिकटत नाही. दर दोन-तीन वर्षांनी सुतार येऊन वरचा थर रंधून काढतो. मी हात फिरवून बघितला. कोरडा होता, आणि वास फक्त मिठाचा.

आता जे खटकलं तेही लिहिते. दुकानासमोरचं गटार उघडं आहे. ते त्यांच्या हातात नसेल, पण आहे. आणि वर्तमानपत्राचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मटण ते पिशवीत देतात, पण मावशींच्या सगळ्या पुड्या वर्तमानपत्राच्या. हे माझ्या रविवारी लक्षातच आलं नाही, पेन्सिलीचं अक्षरच बघत बसले होते.


दगडफूल | मंगळवार, दुपारी २:००

पुडीचं मनावर घ्यायला हवं. छपाईच्या शाईतले रंग आणि इतर रसायनं अन्नात उतरतात, तेलकट पदार्थात जास्तच. खोबरं आणि खसखस दोन्ही तेलकट. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच वर्तमानपत्रात अन्न बांधू नका असं कळवलेलं आहे.

ताई, तुम्ही पातेल्यात केलंत ते कसं, ते लिहा ना. नवा_बडोदेकर सारख्यांना उपयोगी पडेल.


सुरसागरकाठी | मंगळवार, दुपारी ४:१५

सासूबाई सांगत गेल्या तसं केलं. मटण एकदाच धुवायचं, पाण्यात बुडवून ठेवायचं नाही. हळद, मीठ, आलं-लसणाचं वाटण चोळून अर्धा तास. जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलावर "आधी हा" पुडी, बारीक कांदा, मग मटण. पाणी घालायचं नाही. आधी परतायचं, ते स्वतःचं पाणी सोडतं. ते आटत आलं की पातेल्यावर खोलगट ताट ठेवायचं आणि त्या ताटात पाणी भरायचं. खालच्या वाफेने ते पाणी तापतं, आणि लागेल तसं तेच आधण आत ओतायचं. गार पाणी एक थेंब नाही. गार पाण्याने मटण दचकतं, असं सासूबाई म्हणतात.

पावणेदोन तास. अळणी तेव्हाच गाळून बाजूला काढली, वर फक्त मिरपूड. मग उरलेल्यात "नंतर हा" भाजून, वाटून घातला.


सियागंज | बुधवार, सकाळी ९:५०

इंदूरहून राम राम. मसाल्याचं म्हणाल तर आमच्या मारोठिया बाजारात उत्तम माल मिळतो, सियागंजला घाऊक. माल मिळतो, पण पुडीवर "आधी हा" लिहून कुणी देत नाही. काय बनवणार आहात हे माल विकणाऱ्याने विचारावं, हे मला माझ्या लहानपणानंतर आजच पुन्हा ऐकायला मिळालं.


तांबडी_तर्री | बुधवार, सकाळी ११:२०

पुडीच्या कागदाबद्दल. माझा रावपुऱ्यात छोटा प्रेस आहे. कागद कापताना कडेच्या पट्ट्या, कातरणी, रोज निघतात. कोऱ्या, शाईचा स्पर्श नसलेल्या. वहीच्या पानाएवढ्या बऱ्याच असतात. आत्तापर्यंत रद्दीत देत होतो. मावशींना चालतील का, कुणीतरी विचारा. मी आणून देईन.


पानगे_आणि_तूप | बुधवार, संध्याकाळी ५:३०

विचारून आले. आधी मानेनात. "फुकट कागद कशाला, लोक वर्तमानपत्र आणून देतात माझ्यासाठी." मी त्यांना शाईचं सांगितलं. त्यांनी खणातून एक जुनी पुडी काढली, सोडली, आतल्या खोबऱ्यावर उमटलेली उलटी अक्षरं बघितली, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी एवढी वर्षं पोरांना हे दिलं." मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, मावशी, तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी सगळ्या बांधून ठेवलेल्या पुड्या माझ्यासमोर सोडल्या, आणि माल परत खणात न टाकता वेगळ्या डब्यात काढला.

कातरणी हवी आहेत. पैसे घेणार असाल तरच, असा निरोप आहे.

आणि हो, त्यांनी मला निळा पडदा बाजूला करून खिडकी दाखवली. पलीकडून काकांनी हात जोडले. मीही जोडले.


नवा_बडोदेकर | पुढचा रविवार, सकाळी १०:३०

आज गेलो. साडेसातला पोचलो तरी पुढे नऊ जण. माझा नंबर आल्यावर काकांनी विचारलं, "कोण कोण जेवणार?" मी म्हणालो, एकटाच. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "गाव कुठलं?" नागपूर. "आई कसं करते?" मला सांगताच येईना. काळपट रस्सा असतो, तिखट असतो, एवढंच. म्हणाले, "फोन लावा."

मी तिथेच ओट्यावर उभं राहून आईला फोन लावला. तिला वाटलं मला काही झालं. मग फोन काकांनी घेतला, आणि ते दोघं मटणावर पाच मिनिटं बोलत होते, मागे रांग उभी. कुणीही कुरकुर केली नाही, उलट एक आजोबा मधेच म्हणाले, "मसाला विचारा, तिकडे वेगळा असतो." मग फोन खिडकीतून मावशींकडे गेला.

पावशेर खांदा, पावशेर छाती. मसाल्यात धणे कमी, मिरे, आमच्याकडच्या भिवापुरी मिरचीसारखी तिखट जी सुकी लाल मिरची होती ती, आणि जरा जास्त दगडफूल, काळं होईस्तोवर भाजायला सांगितलं. शेपूट बघितलं, जुना_नवापुरा काका. आखूड होतं, वर वळलेलं.

आता पातेल्यावर ताट ठेवलंय. ताटात पाणी आहे. आई व्हिडिओ कॉलवर बसून आहे.


जुना_नवापुरा | पुढचा रविवार, दुपारी १२:१५

आच मंद ठेवा. ताटातलं पाणी बोटाला चटका बसेल इतकं तापलं की मगच ओता.


तांबडी_तर्री | पुढचा रविवार, दुपारी १:००

कातरणी सकाळी पोचवली, दोन गठ्ठे. मावशींनी एक पट्टी उचलून उजेडात धरली, दोन्ही बाजू बघितल्या, त्यावर पेन्सिल चालते का बघितलं. पुढच्या महिन्याचे गठ्ठे जरा मोठ्या मापाचे हवेत, किलोच्या पुडीला हे पुरत नाहीत. वाटेत माझाही नंबर लागला. आम्ही घरी सात जण आहोत, दोघं सुकं खाणारे, आणि श्रावणाआधी अजून तीन रविवार आहेत.